हॅलोवीनला गॅरेज उघडताय? मग चारही मशीनं लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेसमेंटमध्ये पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग आणि ॲस्टरॉइड्स अशी नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची चार जुनी मशीनं आहेत, 31 ऑक्टोबरला ती गॅरेजात मांडून गल्लीतल्या पोरांना खेळू द्यायची आहेत, तर काय काळजी घ्यावी? न्यू जर्सीत हा उद्योग मी सात वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जरूर करा. पण चारातली दोनच वर आणा. हॅलोवीन म्हणजे तुमच्या संग्रहाचं प्रदर्शन नव्हे. पोरं तीन मिनिटं थांबतात, कारण पुढच्या घरी चॉकलेट असतं. तीन मिनिटांत समजला, खेळून झाला, हरलो, असं ज्यात होतं तोच खेळ कामाचा. पॅक-मॅन पाच वर्षांच्या पोरालाही कळतो, आणि भुतं असल्यामुळे त्या दिवशी तो शोभतोही. गॅलागा दुसरा. ॲस्टरॉइड्सला जॉयस्टिक नाही, नुसती पाच बटणं. तुमच्या-माझ्यासाठी ते सोनं आहे, पण वाघाचा मुखवटा घातलेल्या पोराला ती बटणं दिसतसुद्धा नाहीत. डाँकी काँगच्या पहिल्याच पिंपाखाली नवखा माणूस चिरडतो आणि हिरमुसतो. ही दोन खालीच राहू द्या, त्यांचं गिऱ्हाईक उशिरा येतं. ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट ऐकून बरेच जण माझ्याशी वाद घालतात: फ्री प्ले, म्हणजे नाण्याशिवाय खेळायची सोय, लावू नका. डाँकी काँगला ती सोय मुळातच नाही, पण बाकीच्यांनाही नको. फ्री प्लेवर एकच पोरगा स्टार्टचं बटण दाबत उभा राहतो आणि मागची रांग रस्त्यापर्यंत जाते. त्याऐवजी बँकेतून क्वार्टरची, म्हणजे 25 सेंटच्या नाण्यांची, गुंडाळी आणा (चाळीस नाणी, दहा डॉलर), दारात वाडगा ठेवा आणि प्रत्येकाच्या हातावर एक नाणं टेकवा. नाणं संपलं की खेळ संपला, तुम्हाला कुणाला हटकावं लागत नाही. नाणी सगळी तुमच्याच पेटीत परत येतात, दर अर्ध्या तासानं किल्ली लावून काढायची. शिवाय आजच्या पोरांनी मशीनमध्ये नाणं टाकलेलंच नसतं. गेल्या वर्षी एक चिमुरडी परी आधी काचेवर बोट फिरवत राहिली, फोनसारखी. काही हलेना. मग मी तिला खाच दाखवली. नाणं आत खणखणलं, मशीन वाजलं, आणि ती खेळायचं सोडून आईकडे बघत उभी राहिली. तिला दुसरं नाणं हवं होतं, टाकायला. (नव्वदच्या दशकात पुण्यातल्या पार्लरात 'मुस्तफा' खेळताना खिशातलं शेवटचं नाणं आपण कसं चाचपायचो, ते आठवलं.)

आदल्या दिवशी प्रत्येक मशीनमध्ये वीस-पंचवीस नाणी टाकून बघा. अडकणारी खाच त्या गर्दीत दुरुस्त होत नाही. पॅक-मॅनच्या आतल्या सर्किट बोर्डावरच्या डिप स्विचनं (बारीक खटक्यांनी) जीव तीनाचे दोन करता येतात आणि जादा जीव बंदही करता येतो. गॅलागालाही दोन जिवांची सोय आहे. स्विच बदलताना मशीन बंद असू द्या.

आता विजेचं. इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. मशीन तसं दीडशे वॅटच्या आसपासच खातं, दोन मशीनांचा भार काहीच नाही. पण पहिल्या वर्षी त्याच सर्किटवर मी हवा भरलेलं भूत लावलं आणि वर गारठा म्हणून 1500 वॅटचा हीटर. 120 व्होल्टवर नुसता हीटरच साडेबारा अँपियर ओढतो आणि ब्रेकर पंधराचा. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या वर्षी हीटर काढला, तर गॅरेजचं जीएफसीआय सॉकेट (वीज गळली की आपोआप बंद होणारं) पडलं. जुन्या मशीनांच्या फिल्टरमधून विजेची थोडी गळती होते, त्यानं ते पडतं. मशीनं दुसरीकडे जोडून मी मोकळा झालो. त्याच सॉकेटवर फ्रीझर होता, हे दोन दिवसांनी वासावरून कळलं. वर्षभराचं खोवलेलं खोबरं गेलं. बायको अजून ऐकवते. तेव्हा कुठल्या सॉकेटवर काय आहे ते आधी बघून ठेवा, आणि पडतंय म्हणून ते सॉकेट बदलून साधं बसवू नका. ते पोरांसाठीच आहे.

प्लगची तिसरी पिन जागेवर आहे ना, हे नक्की बघा. जुन्या मशीनांची ती पिन कुणीतरी कधीतरी मोडलेली असते. नाण्याचं दार लोखंडी, पोरांचे हात ओले, खाली काँक्रीट. पिन नसेल तर ते मशीन त्या दिवशी लावायचंच नाही. मागचं दार कुलपात, पाठ भिंतीकडे, मध्ये हवेपुरती चार बोटं जागा. आत पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते टिकून राहतात. लपाछपी खेळणारं पोरगं मशीनच्या मागेच जातं, हे गृहीत धरा.

बेसमेंटमधून वर आणताना मशीन ओढू नका, पट्टे बांधून हँड ट्रकवर घ्या. ओढलं की तळाचे पाय भुसकट लाकडातून उपटून येतात. वर आणल्यावर चित्रात एका कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला तर घाबरू नका. मशीनचं तोंड दुसऱ्या दिशेला वळलं की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे रंगीत ट्यूबवर असं होतं. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू करा. चालू करताना ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी डीगॉस कॉइल मशीन थंड असतानाच नीट काम करते. खाली नेल्यावर लगेच चालू करू नका, गारठ्यातून उबेत आलेल्या बोर्डावर दव धरतं.

धुराचं यंत्र गॅरेजात नको, काचेवर आणि बोर्डावर चिकट थर बसतो. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी छोटा दिवा ठेवा, झगे लांब असतात. घरचा फराळ वाटायचा मोह आवरा. 2024 साली 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती, सकाळी उटणं आणि संध्याकाळी भुतं, आणि माझ्या हातात चकल्यांचं ताट. बंद पाकिटातलं नसेल तर आईबाप टाकून देतात, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीची भीती रास्तच आहे. उलट अशा पोरांना क्वार्टर हीच उत्तम भेट.

आठच्या सुमारास पोर्चचा दिवा बंद करा, म्हणजे चॉकलेट मागणारी पोरं यायची थांबतात. गॅरेजचा मात्र चालू ठेवा. खरं गिऱ्हाईक आता येतं: पोरांना घरी सोडून परत आलेले बाप आणि आया. दिवसभर "पाच मिनिटं, मग निघू" म्हणणारी हीच माणसं. जीव पुन्हा तीन करा, खुर्च्या काढा आणि त्यांना ॲस्टरॉइड्ससाठी खाली न्या. सगळ्यात मोठा स्कोअर फळ्यावर खडूनं लिहा, कारण पॅक-मॅन आणि गॅलागा बंद केले की तो विसरतात, आणि पुढच्या वर्षी भांडायला काहीतरी लागतं.

सकाळी जॉयस्टिकचे गोळे ओलसर फडक्यानं पुसा, आणि नाणं परत पडतं त्या खणात बोट घालून बघा. मला दर वर्षी तिथं काहीतरी सापडतं. गेल्या वर्षी अर्धी खाल्लेली चॉकलेटची कांडी होती, आणि तिला चिकटलेलं चेटकिणीचं नकली नख.