एकविसावा दिवस उलटला तरी अंडं फुटलं नाही तर फेकून द्यायचं का?

तुम्ही विचारलंय की लेकीला घरीच अंड्यातून पिल्लू काढून पाळायचंय, थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून जमेल का, आणि एकविसाव्या दिवशी अंडं फुटलं नाही तर ते फेकून द्यायचं का. खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती शेवटच्या प्रश्नासाठी. आधीचं उरकून टाकते.

खोक्यात जमतं. आत छोटा पंखा असेल तर 37.5 अंश सेल्सिअस, पंखा नसेल तर थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला ठेवून अंशभर जास्त. ओलाव्यासाठी पाण्याची पसरट वाटी. अठराव्या दिवसापर्यंत रोज निदान तीनदा अंडी फिरवायची, मग फिरवणं बंद करून ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. अंडी कोंबडा असलेल्या घरून आणा, आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रिजचं तोंड न पाहिलेली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. नसेल तर ते अंडं काढून टाका.

पण माझं ऐकणार असाल तर ओळखीपाळखीत खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी शोधा. ती दिवसातून एकदा थोडा वेळ खाण्यापिण्यापुरती उठते, बाकी अंडी फिरवणं, ऊब कमीजास्त करणं तिचं ती बघते. रात्री वीज गेली तरी तिचं काही अडत नाही. शिवाय अंडं फुटायच्या आधीच आतलं पिल्लू आणि वरची कोंबडी एकमेकांना आवाज देतात. ते बल्बला जमणार नाही.

आता फेकण्याबद्दल. नाही. फेकू नका.

"एकविसाव्या दिवशी जे बाहेर आलं नाही ते दुबळं, ते जगत नाही, आणि जगलं तरी कामाचं नाही" हे वाक्य मी माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्या प्रश्नात त्याचा नुसता वास आला तरी मला राहवलं नाही. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. भाऊजी काही वर्षं घाटावर एका हॅचरीत कामाला होते, तिथून हा नियम घेऊन आले. तिथे तो बरोबरच आहे, कारण हजारो अंडी एकाच वेळी यंत्रात जातात, अठराव्या दिवशी दुसऱ्या यंत्रात हलवतात, आणि ठरल्या वेळी पिल्लं काढून राहिलेली अंडी टाकून देतात. दुसरी खेप खोळंबलेली असते, कोण थांबणार? पण पडवीतल्या डालग्याला, म्हणजे कोंबडीच्या टोपलीला, तो नियम लावला की जिवंत जीव उकिरड्यावर जातो. आमच्याकडे जाता जाता राहिला.

पावसाळ्याचे दिवस होते. सासूबाईंची तांबडी कोंबडी खुडूक झाली म्हणून त्यांनी तिला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली. खरं तर आमच्याकडे पिल्लं काढायची ती थंडी सरता सरता, पावसात ओलीने पिल्लं दगावतात. पण तांबडी ऐकेना, रिकाम्या डालग्यावर फुगून बसायची आणि हात नेला की टोचायची. मग सासूबाईंनी त्यांच्या रीतीने सगळं केलं. डालग्यात खाली राख, वर भाताचा पेंढा, उवा होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला. अंडी विषम. विजेच्या कडकडाटाने अंडी मरतात म्हणून कडेला एक लोखंडी खिळा आणि कोळसा. खिळ्याने काय होतं ते मला माहीत नाही, पण त्याच कोळशाने त्यांनी प्रत्येक अंड्यावर एक रेघ ओढली. ती रेघ या गोष्टीत महत्त्वाची आहे.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी त्यांना घेऊन घरामागच्या परड्यात उतरली. कोंबडी असंच करते. निघालेली पिल्लं हिंडायला लागली की ती उरलेल्या अंड्यांसाठी फार थांबत नाही. डालग्यात टरफलं आणि एक अंडं. भाऊजींनी ते उचललं, कानाशीसुद्धा न नेता "सडकं आहे" म्हणाले आणि परड्याकडे निघाले. मी मागून हात धरला. अंड्यावर रेघ नव्हती.

गावठी कोंबड्या पाळलेल्यांना आता उलगडा झाला असेल. रवणाची कोंबडी खायला उठली की दुसरी एखादी तिच्या जागेवर येऊन अंडं घालून जाते. आमच्या कवडीची ती खोडच होती. म्हणजे हे अंडं मागाहून आलेलं होतं, त्याचे एकवीस दिवस अजून भरायचे होते. ज्याचे दिवसच भरले नाहीत त्याला दुबळं कसं म्हणायचं?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, नासकं अंडं घरात फुटलं तर दोन दिवस जेवण जाणार नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि अंडं अलगद सोडलं. पाणी संथ झालं तरी अंडं थांबेना. जागच्या जागी दचकल्यासारखं हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. माझी धाकटी तेव्हा दुसरीत होती, ती वाडग्याला डोळे लावून बसली. मी अंडं पुसून कानाला लावलं तर आतून अगदी बारीक चिवचिव.

(हा पाण्याचा प्रकार अंड्याला चीर पडली असेल तर चुकूनही करू नका. पाणी आत शिरलं की पिल्लू गुदमरतं. नवख्याने तर कान आणि टॉर्च एवढ्यावरच भागवावं.)

वीज दोन दिवस नव्हती. चुलीच्या वैलाशेजारी टोपलीत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घातल्या, त्यात अंडं ठेवलं. थर्मामीटर नव्हता. सासूबाई अंडं डोळ्याच्या पापणीला लावून बघायच्या. पापणीला गार लागलं तर टोपली पुढे, चटका वाटला तर मागे. रात्री आम्ही दोघी आळीपाळीने उठलो.

दुसऱ्या संध्याकाळी रुंद टोकाकडे टोच पडली. तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला आणि आतून चोचीचं टोक दिसलं. त्या चोचीवर एक टोकदार पांढरा दाणा असतो, टरफल फोडण्यापुरताच. पुढे काही दिवसांत तो गळून पडतो. मग सगळं थांबलं. एक तास, दोन तास, काहीच नाही. धाकटी रडकुंडीला आली, "आई, सोल ना."

इथे तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण तुमची लेकही तेच म्हणणार. सोलायचं नाही. टोच पडल्यावर पिल्लू बारा तास, कधी कधी चोवीस तासही थांबतं. त्या वेळात दोन कामं चाललेली असतात. टरफलाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त त्याच्या अंगात परत जातं, आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. तेवढ्यात तुम्ही पापुद्रा फाडलात तर रक्त येतं आणि पिल्लू हातात जातं. तोच बलक पुढे दोन-तीन दिवस त्याला पुरतो, म्हणून निघाल्या निघाल्या चारापाण्याची घाई करायची नसते. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबलांब पाठवतात ती याच जोरावर.

टॉर्चच्या उजेडात त्या भोकातून बारीक लाल शिरा दिसत होत्या, म्हणून मी हात आवरला. सकाळी पाहिलं तर शिरा नव्हत्या, पण चुलीजवळच्या कोरड्या हवेने पापुद्रा कागदासारखा पांढरा होऊन पिसांना चिकटला होता. पिल्लू गोल फिरून टरफल कापायला लागलं होतं आणि अर्ध्यात अडकलं होतं. आता मदत करायची वेळ होती. कोमट पाण्यात कापसाचा बोळा पिळून पापुद्रा ओला केला, टोकाकडचा टरफलाचा तुकडा नखाने उचलला. रक्त नाही. आणखी एक तुकडा. मग हात मागे घेतला. पाय झाडून पिल्लू आपल्या बळावर बाहेर आलं, ओलं, काळपट, मान टाकून पडलेलं. भाऊजी दारातून बघून म्हणाले, "बघा, म्हणालो नव्हतो?" दोन-तीन तासांत ते सुकून पिवळं धमक झालं. कपाळावर एक काळा ठिपका. धाकटीने नाव ठेवलं टिकली.

त्या रात्री काळोखात मी तिला तांबडीच्या पंखाखाली सरकवली. उपरं पिल्लू कोंबडीला द्यायचं असेल तर रात्रीच द्यावं, दिवसा दिलं तर ती टोचून मारू शकते. सकाळी तांबडीने टिकलीला आपलं म्हटलं. पण बाकीची दोन-तीन दिवसांनी मोठी, पळायला चपळ, त्यामुळे कणी वेचताना ही मागे पडायची. मग धाकटी तिला वेगळं भरवायची. वाळवी लागलेलं लाकूड अंगणात आपटायचं आणि टिकलीला त्यावर सोडायचं. वाळवीने पिल्लं झपाट्याने वाढतात. महिन्याभरात ती बाकीच्यांच्या बरोबरीला आली. धाकटी शाळेतून आली की ही दप्तराच्या पट्ट्याला चोच लावून मागे मागे घरात. पुस्तक उघडलं की पानावर बसायची. घारीने दोन पिल्लं उचलली, एक मुंगसाने नेलं. टिकली राहिली, कारण तिच्यावर सतत कोणाचं तरी लक्ष होतं.

ती तलंग झाली, अंडी घालायला लागली, खुडूक बसली. तिने काढलेल्या पिल्लांची पिल्लं आज आमच्या खुराड्यात आहेत. भाऊजींना अंड्याची पोळी लागते ती त्यांचीच. तरी विषय निघाला की म्हणतात, "ते नशीब, नियम नव्हे."

नशिबाचा इथे काय संबंध? अंडं उशिरा फुटायची सरळ कारणं असतात. मागाहून घातलेलं असतं. किंवा बसवण्याआधी बरेच दिवस साठवलेलं असतं, जुन्या अंड्याला जास्त वेळ लागतो. किंवा ऊब अंशभर कमी पडलेली असते, आणि घरच्या खोक्यात ती पडतेच. यातल्या कुठल्याही कारणाने पिल्लू दुबळंच असतं असं नाही. बावीस, तेवीस दिवस थांबा, कानाला लावा, टॉर्चवर बघा. आत हालचाल नाही, आवाज नाही, वास यायला लागलाय, तर मग टाका, मीही टाकते. पण न बघता टाकायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं, हे मला मान्य नाही. काही पिल्लं खरोखर अधू निघतात, पाय फाकलेली, बेंबी उघडी राहिलेली. ती वेळेवर निघालेल्यांतही असतात. मी पाहिली आहेत.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख टाका. पेनाने नको.

राहिलेल्या गोष्टी. एकच पिल्लू काढू नका. एकटं पिल्लू दिवसभर किंचाळतं, आणि निघाल्यावर ज्याला बघेल त्यालाच आई समजतं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांच्यामागे हंसाची पिल्लं चालत ती अशीच; त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. मुलीला ते गोड वाटेल, पण ती शाळेत गेल्यावर पिल्लाने काय करायचं? तीन-चार तरी असू द्या. कोंबडी नसेल तर पहिला आठवडा 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकतायत तर उकडतंय. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. पाण्याच्या झाकणीत गोटे टाका, नाहीतर बुडतात. जागा कोरडी ठेवा, नाहीतर रक्ती हगवण लागते.

आणि राणीखेत रोगाची लस. आमच्याकडे त्या रोगाला मानमोडी म्हणतात, आली की खुराडं रिकामं करून जाते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास. लसीची कुपी निदान शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, तेव्हा तीन-चार पिल्लांसाठी एकट्याने आणू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा किंवा आसपास कोंबड्या असलेल्यांबरोबर दिवस ठरवा. पिल्लांना हात लावल्यावर मुलीने साबणाने हात धुवायचे, पिल्लाची पापी घ्यायची नाही, हे आधीच सांगून ठेवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर एवढा विचार करा की निम्मी पिल्लं नर निघणार, आणि कोंबडा पहाटे चारला आरवला की शेजारी गप्प बसणार नाहीत. अंडी बसवायच्या आधीच नर कोणाला द्यायचे ते ठरवा आणि लेकीलाही सांगा. तो माणूस कोंबडा पाळणार आहे की कापणार आहे, तेही विचारून घ्या.