तरंगत्या बेटांनी सोसायटीशेजारचा तलाव स्वच्छ होतो का? खर्च किती येतो?

होतो, पण कोयता हाताशी ठेवणार असाल तरच.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागे छोटं तळं आहे. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही सहा जणांनी त्यात झाडं लावलेले दहा तराफे, म्हणजेच ही तरंगती बेटं, सोडले. पीव्हीसी पाइपच्या चौकटी, वर जाळी, त्यात काथ्या आणि कर्दळ, वाळा, गवती चहा. पावसाळ्यानंतर एक तराफा उचलला, तर मुळं हातभर लोंबत होती आणि त्यांवर बुळबुळीत तपकिरी थर. लोकांनी नाकं मुरडली. अहो, खरं काम तो थरच करतो! त्यातले जिवाणू सांडपाण्यातला मळ फोडतात, नायट्रोजन-फॉस्फरस मुळं ओढून पानांत भरतात. दिवाळीपर्यंत वास कमी झाला, पाण्यावरची हिरवी साय विरळ झाली. मी रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचो.

मग मी म्हणालो, आता झाडं छाटा आणि छाटलेलं तळ्याबाहेर न्या. कर्दळ लालभडक फुलली होती. चेअरमन म्हणाले, "ऐन बहरात कापायची? हात कसा धजावतो तुमचा?" मीटिंगमध्ये माझ्या बाजूने दोनच हात वर झाले. उन्हाळ्यात पानं सुकून पाण्यात गळत राहिली, म्हणजे शोषलेलं सगळं परत तळ्यात. वर कुजताना पाण्यातला ऑक्सिजनही संपतो. मेमधल्या एका पहाटे रोहू उलटे तरंगत होते. खापर तराफ्यांवर फुटलं, आठवड्याभरात ते काढले. आजही लिफ्टमध्ये ऐकवतात, "तुमच्या बेटांनी मासे मारले." बेटांनी नाही मारले, कापायला नको म्हणणाऱ्यांनी मारले. हैदराबादच्या नेकनामपूर तलावात 2018 साली मोठं बेट सोडलं, त्यातही कर्दळ आणि वाळा होताच. झाडांचा दोष नाही.

हो, एक राहिलं. गटाराचा पाइप थेट तलावात येत असेल तर आधी तो बंद करा, नुसत्या बेटांना तेवढा मळ झेपत नाही. आमच्याकडेही एक येत होता, हे मान्य करतो. सगळा तलाव झाकू नका, आणि पावसात पाणी चढतं म्हणून दोऱ्या सैल ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर आमचे पाइप भंगारातले होते, तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. पण तराफे पाण्यात टाकण्याआधीच ठरावात छाटणीचे महिने लिहून घ्या आणि त्याखाली चेअरमनची सही घ्या.