इन्कोनेल ७१८ : इन्सर्टला शिव्या देऊ नका

प्रश्न असा आहे की, वाळूजच्या शॉपात पहिल्यांदाच इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूच्या रिंगा आल्यात, एका रिंगेला दोन-दोन इन्सर्ट (टूलच्या टोकाचे, बदलता येणारे कापणारे तुकडे) का जातायत, आणि विमानवाल्यांना हाच धातू का लागतो? अठरा वर्षं लेथवर काढली, म्हणून सांगतो. आधी दुसरं घेऊ, त्यातच पहिल्याचं निम्मं उत्तर आहे.

लोहाराकडं कुऱ्हाड नेली की तो आधी ती लाल करतो. तापलेलं लोखंड घणाचं ऐकतं. ७१८ ऐकत नाही. साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तो ताकद धरून राहतो. यात निकेल ५० ते ५५ टक्के, क्रोमियम १७ ते २१, आणि नायोबियम पाचेक टक्के. ७२० अंशांवर आठ तास, मग ६२० वर, असं एजिंग (भट्टीत ठरावीक तापमानाला धरून ठेवणं) केलं की निकेल-नायोबियमचे अतिसूक्ष्म कण आत तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवर घसरू देत नाहीत. इंजिनाच्या डिस्क, केसिंग, बोल्ट यातून होतात. टर्बाइनची सगळ्यात तापणारी पाती मात्र वेगळ्या निकेल मिश्रधातूंची. तिथला वायू धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो, म्हणून पात्याला आतून हवा खेळवतात. आपल्याकडं हैदराबादची सरकारी कंपनी मिधानी हा माल ‘सुपरनी’ नावानं काढते.

आता तुमचं रडगाणं. तापून मऊ न पडणारा धातू टूलखालीही मऊ पडत नाही. वर उष्णताही वाहून नेत नाही. साध्या स्टीलच्या पाव हिश्शाएवढी. म्हणजे सगळा जाळ इन्सर्टच्या टोकावर.

माझी पहिली रिंग अशीच गेली. भीतीपोटी फीड (जॉबच्या एका फेऱ्याला टूल जेवढं पुढं सरकतं ते) कमी केला, शेवटचा कट मिलिमीटरच्या चार-पाच शतांशाचा घेतला. टूल कापेना, नुसतं घासायला लागलं. आधी बारीक शिट्टी, मग जॉबवर काचेसारखी चमक. मला वाटलं, काय फिनिश आलाय! ती चमक म्हणजे घासून कडक झालेली साल होती. पुढचा इन्सर्ट तिच्यावर टेकला आणि टवका उडाला. घडवलेली अख्खी रिंग भंगारात, आणि सुपरवायझरचं तोंड आठवडाभर वाकडं.

तेव्हा स्पीड कमी करा, फीड नको. कोटेड कार्बाइडच्या इन्सर्टला मिनिटाला ३० ते ४० मीटर, फीड फेऱ्याला ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, आणि कट त्या कडक सालीच्या खालून. धार तीक्ष्ण, पॉझिटिव्ह, म्हणजे ढकलणारी नाही, सरळ कापणारी. प्रत्येक पासला खोली थोडी बदला, नाहीतर एकाच रेषेवर इन्सर्टला खाच पडते. कूलंट (थंड ठेवणारं द्रव) भरपूर, थेट टोकावर. मध्येच कट थांबवून टूल जॉबवर टेकलेलं ठेवायचं नाही, चहा आला तरी. अन् इन्सर्ट तुटायची वाट बघू नका. किती मिनिटं टिकतो ते लिहून ठेवा, त्याआधी बदला.

एक राहिलं. पुढं हीट ट्रीटमेंट असेल तर रिंगा नीट धुवूनच पाठवा. कूलंटमधलं गंधक भट्टीत निकेलला खातं.