ब्लॅक होलवर काम करणारे दिवसभर नक्की करतात काय?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, ब्लॅक होल आणि गॅलेक्सी कशा बनतात यावरच रिसर्च करायचा म्हणते. म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं का? आणि जे दिसतच नाही त्याचा अभ्यास करायचा तरी कसा? यात करिअर आहे का हो?

उत्तर : ताई, दुर्बिणीला डोळा लावून आता जवळपास कुणीच बसत नाही. दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून प्रपोजल लिहायचं, जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीसाठी तर इतकी झुंबड असते की बहुतेक प्रपोजलं बादच होतात, आणि वेळ मिळालाच तर हाती येतात डेटाच्या फायली, मग महिनोन्‌महिने पायथनमध्ये कोड लिहा, चुका शोधा, परत रन करा. थिअरीवाले तर कॉम्प्युटरवरच अख्खी गॅलेक्सी घडवतात. मुलीला गणित आणि कोडिंग मनापासून आवडतं का ते आधी बघा, नुसतं आकाश आवडून भागत नाही.

दिसत नाही म्हणता, पण आजूबाजूचे तारे दिसतात ना! आपल्या गॅलेक्सीच्या मध्याभोवती एस-२ नावाचा तारा साधारण 16 वर्षांत एक फेरी मारतो, 2018 मध्ये तो सगळ्यात जवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 7,000 किलोमीटरच्या वर होता. आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल या खगोलशास्त्रज्ञांच्या टीम 1990 च्या दशकापासून असल्या ताऱ्यांच्या मागावर होत्या, त्यावरून कळलं की मधे सुमारे 40 लाख सूर्यांइतकं वजन एवढ्याशा जागेत कोंबलंय, म्हणजे ब्लॅक होलच. 2020 चं नोबेल त्यालाच (अर्धं रॉजर पेनरोजना, ते ब्लॅक होल बनू शकतात हे गणितानं दाखवल्याबद्दल).

आता खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांचं बघा. एवढी अवाढव्य ब्लॅक होल विश्वाच्या सुरुवातीला इतक्या लवकर बनली कशी हा जुना पेच, त्यावर 2006 मध्ये त्यांनी आणि ज्युसेप्पे लोदातो यांनी मांडलं की गॅसचा मोठा ढग तारे न बनताच थेट कोसळून ब्लॅक होल होऊ शकतो. मग वाट बघणं आलं. 2023 मध्ये चंद्रा (ही एक्स-रे टिपणारी अंतराळातली दुर्बीण) आणि वेब या दोन्ही दुर्बिणींच्या डेटातून यूएचझेड-१ ही गॅलेक्सी पुढे आली, महास्फोटानंतर जेमतेम 47 कोटी वर्षांनी होती तशी दिसणारी, आणि तिच्यातलं ब्लॅक होल तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या एकूण वजनाच्या तोडीचं! आपल्या आसपासच्या गॅलेक्सींत ते हजारातला एखादा भाग असतं. या कल्पनेला हा मोठाच आधार मिळाला, वाद मात्र मिटलेला नाही.

करिअरचं म्हणाल तर पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग दोन-तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या), दर दोन-तीन वर्षांनी बाडबिस्तरा उचलायचा, आणि कायमच्या जागा मोजक्याच. बरेच जण पुढे डेटा सायन्सला जातात आणि तिथे मजेत असतात, त्याला वाया गेलं म्हणू नका प्लीज.

प्रश्न : ब्लॅक होल अख्खी गॅलेक्सी गिळून टाकेल का?

उत्तर : नाही. लांबच्या ताऱ्यांना त्याचं ओढणं जाणवतसुद्धा नाही. पण त्याच्यात पडणारा गॅस इतका तापतो आणि अशी जेट (म्हणजे जोरदार झोत) सुटतात की भोवतालचा गॅस थंडच होत नाही, आणि गॅस थंड झाला नाही तर नवे तारे कुठून बनणार? पर्सियस क्लस्टर या गॅलेक्सींच्या समूहात तापलेल्या गॅसमधले, अशा जेटनी फुगवलेले अजस्र पोकळ बुडबुडे चंद्रा दुर्बिणीला चक्क दिसलेत.