हिब्रू धर्मग्रंथांत मंदिर बांधण्याला इतकं महत्त्व का? देव सर्वत्र असेल तर त्याला घर कशाला?

गंमत म्हणजे तुमची शंका त्या ग्रंथांनाच आधी आलेली आहे. देवानं मंदिर मागितलेलं नाही, मागितला तो तंबू. मिसरमधून (इजिप्तमधून) सुटून वाळवंटात फिरणाऱ्या लोकांना ‘निर्गम’ या पुस्तकात सांगितलंय, ‘माझ्यासाठी पवित्रस्थान करा, म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन.’ त्या स्थानामध्ये नव्हे, त्यांच्यामध्ये. मला सगळ्याचं मूळ या एका शब्दात दिसतं.

मंदिराची हौस दावीद राजाची. स्वतः सीडरच्या (आपल्या देवदाराचा भाऊबंद) वाड्यात राहायला गेल्यावर त्याला अवघडल्यासारखं झालं, की मी वाड्यात आणि देवाचा कोश (आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) कनातीत! नाथान संदेष्टा आधी ‘बांध’ म्हणाला, पण त्याच रात्री देवाने निरोप फिरवला. मी आजवर तंबूतून हिंडलो, कुणाला कधी घर मागितलं का? तू मला घर बांधणार? मीच तुझं घर उभं करीन. हिब्रूतल्या ‘बायित’ या शब्दात घर आणि घराणं दोन्ही येतात, त्यामुळे हा श्लेष मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो.

शेवटी यरुशलेमात ते बांधलं मुलानं, शलमोनानं. लांबी 60 हात, रुंदी 20, उंची 30. म्हणजे साधारण 27 मीटर बाय 9. फार अवाढव्य नाही. पण काम कसं, तर दगड खाणीतच घडवून आणायचे, मंदिर उभं राहताना हातोड्याचा, कुऱ्हाडीचा, कुठल्याच लोखंडी हत्याराचा आवाज तिथे होता कामा नये. लोखंड म्हणजे शस्त्र, असा अर्थ पुढे लावला गेला. त्याच धर्मग्रंथांतल्या ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात तर दावीदाला मंदिर नाकारण्याचं कारणच हे दिलंय, की त्याने फार रक्त सांडलं होतं.

आणि मंदिराचं हे वर्णन करणारं ‘राजे’ हे पुस्तक हेही नोंदवतं, की लबानोनात (आजच्या लेबनॉनमध्ये) लाकूडतोडीला 30,000 माणसं बेगारीवर धाडली, महिन्याला 10,000 अशा पाळीने. मिसरच्या वेठबिगारीतून सुटलेल्यांच्याच वंशजांना! मंदिराला 7 वर्षं लागली, राजाच्या स्वतःच्या वाड्याला 13. हे आकडे शेजारीशेजारी ठेवणारा लेखक राजाचा भाट नक्कीच नव्हता. शलमोनानंतर राज्य फुटलं, तेव्हा बेगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं.

मग मंदिराचा अर्थ काय? माझ्या मते तो उद्घाटनाच्या प्रार्थनेत सापडतो. शलमोन म्हणतो, आकाशात, आकाशाच्याही आकाशात तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात काय मावणार! मागणं एवढंच, की कुणी इकडे तोंड करून प्रार्थना केली तर ऐक, मग तो परदेशातून आलेला परका का असेना. आपल्याकडे गाभाऱ्यात मूर्ती असते, तिथे 20 हातांच्या चौकोनी काळोखात एक पेटी, पेटीत दहा आज्ञांच्या दोन दगडी पाट्या. देवाची मूर्ती नाहीच. मंदिर म्हणजे हाक मारायची दिशा.

म्हणून ते पडलं तरी दिशा राहिली. इसवी सनपूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते जाळलं. तिथल्या बंदिवासातून परतलेल्यांनी नवा पाया घातला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे ढसाढसा रडले, तरुण आनंदाने ओरडले, आणि एज्राच्या पुस्तकात लिहिलंय की रडणं कुठलं नि जल्लोष कुठला, हे कुणाला वेगळं ओळखू येईना. दुसरं मंदिरही रोमनांनी इसवी सन 70 मध्ये पाडलं.

ज्यूंचा दोन्ही विध्वंसांचा उपास एकाच दिवशी, हिब्रू आव महिन्याच्या नवव्या तिथीला. आमच्या रायगडातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी त्याला नाव ठेवलंय ‘बिरड्याचा रोजा’. यरुशलेमच्या मंदिराचं सुतक, आणि नाव वालाच्या बिरड्याचं. प्रार्थनेला ते उभे राहतात पश्चिमेकडे तोंड करून.