आजोबांचं पान विकिपीडियावरून का उडवलं? कुठला विषय तिथे घ्यायचा, हे ठरवतात कसं?

तुमचं म्हणणं असं की, आजोबांनी आयुष्यभर सोलापुरी चादरींची डिझाइनं काढली, तरी त्यांच्यावरचं पान ‘उल्लेखनीयता नाही’ म्हणून उडवलं. आणि दोन सिनेमे केलेल्या नटीचं पान मात्र शाबूत आहे. राग येणारच. मी सोलापूरचाच, फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर संपादन करतो, म्हणून लिहितो.

पान म्हणजे सत्कार नव्हे. आजोबा मोठे की नटी मोठी, हे तिथे कुणी तोलत नाही. एवढंच बघतात, की ज्याचा त्यात काही संबंध नाही अशा कुणी, भरवशाच्या ठिकाणी, जरा सविस्तर लिहिलंय का. नटीच्या सिनेमांची परीक्षणं आलेली असतात, आजोबांवर कुणी लिहिलेलं नसतं. यात अन्याय होतोच. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा इंग्रजी विकिपीडियावरचा मसुदा २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला होता; त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पान लगेच झालं!

आपल्याकडे गोम असते ती कात्रणांत. अशी कात्रणं मी पुष्कळ पाहिलीत: फेटा बांधलेला फोटो, मथळा ‘कलेचा निस्सीम उपासक’, बातमीदाराचं नाव नाही आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’. मजकूर घरूनच गेलेला असतो, हे वाचताक्षणी कळतं. गौरव अंकाचंही तेच. अशी ढीगभर जोडली तरी उपयोग नाही. उलट एखाद्या बातमीदाराने स्वतः कारखान्यात जाऊन आजोबांवर पानभर लिहिलं असेल, किंवा वस्त्रोद्योगावरच्या पुस्तकात त्यांच्या कामाची चर्चा असेल, तर ते शोधा. ते नेटवर असायलाच हवं असं नाही. छापील पुस्तक पृष्ठ क्रमांकासह चालतं. मराठीच हवं असंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकरांवर तेलुगूत कुणी लिहिलं असेल, तर तेही चालेल.

नाहीच सापडलं, तर स्वतंत्र पानाचा हट्ट सोडा. सोलापूरचंच उदाहरण घ्या. इंग्रजांनी १९३० मध्ये इथे लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. त्या धामधुमीत भरडल्या गेलेल्या बाकीच्यांबद्दल मात्र बहुतेक वेळा यादीतल्या नावापलीकडे काही नसतं. त्यांचं वेगळं पान कशाच्या आधारावर उभं करणार? घटनेच्या पानात मात्र त्यांची नोंद घेता येते.

तुमच्या बाबतीत ते पान म्हणजे सोलापुरी चादर. जेकॉर्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर, नक्षी कशी उतरते, आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरायच्या, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ही माहिती तिथे संदर्भासह यायला हवी. आजोबांचं नाव घालायचं असेल, तर नातू म्हणून स्वतः घालू नका. त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर नातं सांगून सुचवा, दुसरं कुणी तपासून घालेल.

आणि घरात त्यांचे ते आलेखाचे कागद अजून असतील, तर स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त साठ्यावर, चढवता येतील. डिझाइनं कारखान्यासाठी केलेली असली, तर हक्क कुणाचा हे आधी मालकांना विचारून घ्या.