मैदानाबाहेरच्या गैरवर्तनामुळे कॉलेज क्वार्टरबॅकची जागा जाते का?

जाते, पण अमेरिकन फुटबॉलमधल्या या चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची जागा किती काळ जाते, हे मागे रांगेत कोण उभा आहे त्यावर ठरतं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा 2015 चा हंगाम घ्या. पहिले सात सामने कार्डेल जोन्सने सुरू केले. मग रटगर्सविरुद्ध जे. टी. बॅरेटला संधी मिळाली, संघ 49-7 ने जिंकला आणि जागा त्याची झाली. आठवडाभरातच दारू पिऊन गाडी चालवताना तो नाकाबंदीजवळ पकडला गेला! प्रशिक्षक अर्बन मायर यांनी त्याला एका सामन्यापुरतं बाहेर बसवलं. मिनेसोटाविरुद्ध जोन्स खेळला, संघ 28-14 ने जिंकलाही. तरी पुढच्या सामन्यात पुन्हा बॅरेटच. मला ही शिक्षा फारच सौम्य वाटते, त्या गाडीसमोर कुणीही आलं असतं.

उलट ओरेगॉन विद्यापीठाने 2010 मध्ये आपला क्वार्टरबॅक जेरेमाया मासोलीला चोरीच्या प्रकरणात अख्खा हंगाम बाहेर ठेवलं, पुढे संघातूनच काढलं. त्याची जागा डॅरन थॉमसने नेट कोस्टाला मागे टाकून मिळवली आणि संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचला. बाहेर बसलेल्याचं खरं नुकसान सरावात होतं: पहिल्या फळीबरोबरचा सराव मुख्यतः एकालाच मिळतो, आणि रिसीव्हरशी, म्हणजे पास झेलणाऱ्यांशी, ताळमेळ त्याचाच जमत जातो.